पुरानी बस्तीतला कोबा

आमच्या घरातील जमीन खचली आहे, ही वार्ता आम्हाला प्रथम एका लिंबाने दिली. २०२१ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. सौ. माजघरात बसून लोणच्यासाठी लिंबे पुसून सुपात टाकीत होती. त्यांतले एक निसटले, जमिनीवर पडले, क्षणभर घुटमळले आणि कोणी हाक मारावी तसे नैऋत्येच्या कोपऱ्याकडे चालू लागले. देवघराच्या पायरीशी जाऊन ते थांबले. सौ.ने दुसरे लिंबू मुद्दाम सोडले. तेही त्याच वाटेने गेले. तिसरे आम्ही सोडले. पासष्टीला आलेला एक निवृत्त लेखाधिकारी आणि त्याची पत्नी भर दुपारी जमिनीवर लिंबे सोडीत बसली आहेत, हे दृश्य आईने आपल्या पलंगावरून पाहिले असते तर ती हसली असती. परंतु एव्हाना तिची एका डोळ्याची दृष्टी गेली होती आणि दुसऱ्याने तिला केवळ उजेड व आकार दिसत.

वाचकांपैकी बहुतेक मंडळी आमच्यासारखीच बदलीचे जीव आहेत. तेव्हा हे सांगितल्यावाचून राहवत नाही की, छत्तीस वर्षांच्या नोकरीत जमीन खचणे हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नव्हता. सरकारी क्वार्टरची जमीन खचली तर तक्रारवहीत नोंद करावी. दुरुस्ती होण्यापूर्वी बदलीचा हुकूम येतो आणि खचलेली जमीन मागून येणाऱ्या गृहस्थाची होते. ग्वाल्हेर, भोपाळ, बिलासपूर, पुन्हा भोपाळ, असे फिरून आम्ही २०१६ साली रायपूरच्या स्वतःच्या घरी परतलो, तेव्हा येथे तक्रारवही नाही, ही गोष्ट ध्यानात यायला पाच वर्षे लागली.

घर पुरानी बस्तीत आहे. नावाप्रमाणेच हा रायपूरचा जुना भाग. महामाया मंदिर, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ ही सारी याच भागातली किंवा याच्या शिवेवरची. टुरी हटरी नावाचा लहानसा बाजार आहे. छत्तीसगढीत टुरी म्हणजे मुलगी आणि हटरी म्हणजे छोटा बाजार. त्या बाजाराच्या मागे जी गल्ली आहे, तीत समोरासमोर आलेल्या दोन सायकलस्वारांपैकी एकाने उतरावे लागते. वडील जुन्या मध्यप्रदेश सरकारच्या नोकरीत होते. त्या वेळी त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि वऱ्हाडातल्या माणसाला रायपूर म्हणजे आपल्याच अंगणातला दूरचा कोपरा वाटे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राहिलेला प्रदेश नव्या मध्यप्रदेशात आला आणि राजधानी भोपाळला गेली. जिल्ह्यांप्रमाणे नोकरवर्गाचीही वाटणी झाली. वडिलांच्या वाट्याला रायपूर आले. ज्या घरात ते दोन वर्षे भाड्याने राहत होते, तेच त्यांनी १९५८ साली विकत घेतले. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि राजधानी चालत दाराशी आली. घर जागचे न हलता त्याने तीन राजधान्यांचा अंमल पाहिला. आमची अशी समजूत होती की, एवढ्या उलथापालथीत न हललेले घर आता कशाने हलणार?

आणि खरे म्हणजे घर हललेच नव्हते. भिंती दगडमातीच्या, हात-सव्वा हात जाड. त्यांवर ओरखडाही नव्हता. हलली होती ती भिंतींच्या आतली जमीन. तो भेद आम्हाला फार उशिरा कळला. आधी कळता तर पुढचे बरेच टळले असते.

मूळची जमीन मातीची, शेणाने सारवलेली. १९६३ साली आमची मुंज ठरली तेव्हा वडिलांनी माजघरात कोबा करून घेतला. सिमेंट त्या वेळी परमिटवर मिळे. परमिट हातात पडले आणि मुहूर्त पंधरा दिवसांवर आला, या दोन गोष्टी एकदमच घडल्या. बारा फूट रुंद व चौदा फूट लांब अशी ती खोली. जोते एक फूट उचलायचे म्हणून आत भराव टाकला, त्यावर खडीचा चार इंच थर घातला, वरून घोटून गुळगुळीत केले. त्या कोब्यावर आम्ही भिक्षावळ मागितली. ती जमीन त्या दिवशी पायाला थंड लागली होती, एवढे आम्हाला आठवते. त्याखाली काय आहे, हा प्रश्न आठव्या वर्षी पडण्याचा नव्हता आणि पुढे पडायला आम्ही घरी नव्हतो.

लिंबांच्या साक्षीनंतर आम्ही नळीच्या लेव्हलने मोजून पाहिले. कोपरा दोन इंच खाली होता. आम्ही एका ठेकेदाराला बोलावले. त्याने एका दिवसात त्या कोपऱ्यावर सिमेंटचा जाड थर देऊन सारी जमीन एका पातळीत आणून दिली. लिंबू सोडले, ते जागच्या जागी राहिले. आम्ही त्याला पैसे देऊन, वर चहाही पाजला.

त्यानंतर आईची पावले चुकू लागली. माजघरातून देवघराकडे जाताना ती मध्येच थबके, पाय चाचपडून टाकी, एकदोनदा तर देवघराच्या पायरीला तिचा अंगठा ठेचला. आम्ही म्हटले, वय झाले. डॉक्टर म्हणाले, वय झाले. आईही म्हणाली, "वय झालं रे." या एका उत्तराने घरातले किती प्रश्न न विचारता मिटतात!

दीड वर्षाने कोब्याला आडवी, तिरकी चीर गेली. नवा थर आपल्या वजनासह खाली बसला आणि चिरेच्या एका बाजूला अर्धा इंच उंचीची धार उभी राहिली. जुलै २०२३ मध्ये, पहाटे, आई त्या धारेला अडखळून पडली. मनगट मोडले. कंबर वाचली, एवढेच म्हणायचे. त्या वयात कंबर मोडली म्हणजे काय होते, हे आम्ही शेजारी दोन घरांत पाहिले होते.

पुण्याहून धाकट्या बंधूंचा फोन आला. त्यांचे म्हणणे नवे नव्हते, पण या वेळी त्याला आधार होता. घर जुने झाले, जमीन तलावाकाठची, ती खचणारच. जागेला गिऱ्हाईक आहे तोवर विकून टाकावे आणि आईला पुण्याला न्यावे. त्यांची सदनिका सातव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, जमिनीवर चकचकीत लाद्या आहेत. आम्ही आईला विचारले. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "तिथे मला काही दिसत नाही." आम्ही म्हणालो, "आई, तुला इथे तरी कुठे दिसतं?" ती म्हणाली, "इथे दिसायला लागत नाही."

या उत्तरावर बंधूंनी आम्हाला दोन महिन्यांची मुदत दिली. ती त्यांनी दिली असे आम्ही म्हणतो. खरे म्हणजे आम्हीच मागितली.

तलावाकाठची जमीन हे त्यांचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नव्हते. जुने रायपूर हे तळ्यांचे गाव. बुढा तलाव, कंकाली तलाव, महाराजबंध, खो-खो तलाव, अशी तळ्यांच्या नावांवरूनच वस्तीची ओळख पटे. कित्येक तळी बुजली. रजबंधा तलावाचे मैदान झाले आणि लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरू लागला. महाराजबंध तलाव दूधाधारी मठाच्या पाठीशी आहे व आमच्या परसापासून फार दूर नाही. पावसाळ्यात त्याचे पाणी चढले की आमच्या विहिरीचेही चढते. त्यातून खालची माती कन्हार. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने मातीला चार नावे ठेवली आहेत: उंचावरची लालसर मुरमाड ती भाठा, पिवळसर ती मटासी, काळीपिवळी मिसळ ती डोरसा आणि खोलगटातली काळीभोर ती कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी कसदारच. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शास्त्रज्ञ याचा दोष तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीला देतात. तिचे कण पापुद्र्यांचे असतात व पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. कापसाला आणि धानाला जी माती आई, ती घराला सावत्र आई.

खचलेली फरसबंदी न फोडता स्थिर करण्याची यंत्रे हल्ली निघाली आहेत, हे आम्हाला ठाऊक झाले होते. जमिनीला बोटभर भोके पाडून पंपाने सिमेंट-मातीचा राडा खाली दाबतात आणि लादी उचलतात. अमेरिकेत रस्त्यांसाठी ही रीत १९३० च्या सुमारास रूढ झाली. अलीकडे त्या राड्याऐवजी दोन रसायने एकत्र सोडतात; ती खाली फेसासारखी फुगून घट्ट होतात. आम्ही अशा एका कंपनीला फोन लावला. पलीकडचा तरुण अतिशय सभ्य होता. त्याने क्षेत्रफळ विचारले. एकशे अडुसष्ट चौरस फूट, असे आम्ही सांगताच तो थोडा वेळ गप्प राहिला. त्यांचे काम गोदामांचे व कारखान्यांचे. गाडी निघायची तर त्याच्या कितीतरी पट काम हवे. तरीही त्याने विचारले, "गाडी दारापर्यंत येईल ना?" आम्ही गल्लीची रुंदी सांगितली. संभाषण तेथेच संपले. रायपूर काही दुर्गम नव्हे. विमाने येतात, मुंबई-हावडा लोहमार्ग गावातून जातो, सभोवती सिमेंटचे कारखाने उभे आहेत. पण सहा फुटांची गल्ली लागली की बस्तरच्या अरण्यातले घर आणि आमचे घर यांत यंत्राच्या दृष्टीने काही फरक उरत नाही.

मग आम्ही आमच्या एका स्नेह्यांना बोलावले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. मूळचे अमरावतीचे, बदलीनेच इकडे आलेले आणि इकडेच राहिलेले. त्यांनी येताना फक्त एक लाकडी मोगरी आणली होती. चहा घेण्यापूर्वी ते जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि हातभर अंतराने कोबा ठोकीत चालले. खोलीच्या तीन चतुर्थांश भागात आवाज ठक्क असा येई. नैऋत्येच्या कोपऱ्यात तो रिकाम्या माठासारखा ढब येऊ लागला. त्यांनी खडूने त्या ढबढबणाऱ्या भागाभोवती रेघ ओढली. सहा फूट लांब व पाच फूट रुंद असे एक ओबडधोबड बेट निघाले. "तुमचा कोबा तिथे जमिनीवर नाही," ते म्हणाले, "हवेवर आहे."

नंतर त्यांनी भिंती पाहिल्या, दारांच्या चौकटींना ओळंबा लावला. भिंत सरळ, चौकट सरळ. तेव्हा पाया शाबूत आहे, खचला आहे तो फक्त मधला भराव, असा त्यांनी निर्णय दिला. आम्हाला किती हायसे वाटले म्हणून सांगावे! पाया खचला असता तर बंधूंचे म्हणणे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग त्यांनी ठेकेदाराच्या थराकडे बोट दाखवून विचारले, "हे कोणी केलं?" आम्ही म्हणालो, "आम्हीच करून घेतलं." ते काही बोलले नाहीत. बुडत्याच्या खांद्यावर आणखी एक पोते ठेवावे, तसे ते काम झाले होते, हे त्यांच्या न बोलण्यातून कळले.

त्यांच्याबरोबर काम करणारा एक छत्तीसगढी मिस्त्री आला. वय साठीचे, बोलणे कमी. त्याने कोपरा पाहिला, भिंतीपलीकडे मोरी आहे हे पाहिले आणि म्हणाला, "पहिली पानी ला रोकव साहेब, तब भुइयाँ थिराही." आधी पाणी थांबवा, मग भुई स्थिर होईल. थिरावणे हा शब्द आमचाच आहे. त्याच्या तोंडून तो ऐकून आम्हाला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

पाणी कोठून जाते हे शोधायला सौ.ची नीळ उपयोगी पडली. दोन बादल्या पाण्यात नीळ कालवून मोरीत ओतली आणि बाहेरच्या बाजूला भिंतीलगत दीड हात खड्डा खणून आम्ही तिघे त्याच्या काठावर बसलो. पाऊण तासाने खड्ड्याच्या एका कडेला निळसर ओल दिसू लागली. मोरीतून जाणाऱ्या चिनी मातीच्या नळाचा सांधा जमिनीखाली उघडला होता. कित्येक वर्षे प्रत्येक आंघोळीचे पाणी थोडेथोडे भरावात शिरत होते आणि त्यातली बारीक माती धुऊन नेत होते. आमची सबंध गृहस्थी त्या मोरीत आंघोळ करून शुचिर्भूत होत होती, आणि तीच आंघोळ देवघराखालची जमीन पोखरीत होती. ऑक्टोबरात नळ बदलला.

आता भरून टाकावे, असे आम्हाला वाटले. मुदत संपत आली होती. परंतु अभियंते ऐकेनात. जी गोष्ट अद्याप हलते आहे ती भरण्यात अर्थ नाही, असा त्यांचा हेका. त्यांनी प्रथम ठेकेदाराचा थर छन्नीने काढून टाकला. मग चिरेवर आडवी काचेची एक पातळ पट्टी ठेवून तिची दोन टोके सिमेंटने चिकटवली. जमीन केसभर हलली तरी काच तडकेल. पावसाळा संपून कन्हार सुकू लागते तेव्हा ती सर्वांत अधिक आकसते. तो काळ या काचेने पार पाडला पाहिजे. आम्ही बंधूंना आणखी दोन महिने मागितले. ते म्हणाले, "दादा, काचेच्या पट्टीवर घर विकायचं की नाही ते ठरणार का?" प्रश्न उपरोधाचा होता, पण त्याचे खरे उत्तर होय असेच होते.

पहिली काच नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तडकली. त्या सकाळी आम्ही ती गोष्ट आईपासून लपवली. दुसरी पट्टी लावली. अभियंते म्हणाले, नळ बदलल्यावर ओल निघून जायला वेळ लागतो, ही तडक अखेरची असू शकते. असू शकते, या शब्दांवर आम्ही पुढचे सात आठवडे काढले. रोज पहाटे उठून प्रथम काच पाहायची, मग तोंड धुवायचे, असा क्रम झाला.

याच दिवसांत एकदा संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आई आपण होऊन म्हणाली, "ते ठोकलंच नव्हतं रे." आम्हाला प्रथम उमगले नाही. मग तिने सांगितले. १९६३ साली भराव टाकला तेव्हा गवंड्याचे म्हणणे होते की, वीतवीतभर थर टाकावा, पाणी शिंपडावे, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा आणि मग पंधरा दिवस तसाच ठेवावा. वडिलांना ते पटले होते. मुंज पुढच्या मुहूर्तावर न्यावी असे त्यांनी सुचवलेही होते. "मीच नाही म्हटलं. तुझी आजी नागपूरहून यायची होती. तिला मातीच्या जमिनीवर बसवायचं मला जिवावर आलं होतं." एका दिवसात सारा भराव टाकला गेला: विटभट्टीची राख, फुटकी कौले, परसातली काळी माती. वर दोन माणसे नाचली, तेच ठोकणे. दुसऱ्या दिवशी कोबा झाला. "तुझ्या बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही," ती म्हणाली.

साठ वर्षे हे तिने मनात ठेवले होते. आम्हाला आलेल्या तिच्या प्रत्येक पत्रात "घरी सर्व क्षेम" असे असे. पत्रे लिहिताना ती त्याच खोलीत बसत होती. आम्ही तिला म्हणालो की, आजीला बसायला जमीन छान मिळाली ना, मग झाले. हे उत्तर फारसे चांगले नव्हते, पण त्या क्षणी तेवढेच सुचले. ती काही न बोलता वाती वळू लागली.

दुसरी काच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अखंड राहिली. मग काम निघाले. मिस्त्रीने खडूच्या बेटात दीड इंच व्यासाची नऊ भोके पाडली. पहिल्या भोकात तार सोडली. ती चार बोटे रिकामी गेली आणि मग मातीला टेकली. एक भाग सिमेंट, एक भाग राख, दोन भाग चाळलेली बारीक वाळू, असा पातळ माल कालवला. राख म्हणजे चुलीची नव्हे. कोरब्याच्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघते ती. तिचे कण सूक्ष्म आणि गोल असतात, त्यामुळे माल मोहरीसारखा घरंगळत सांदीकोपऱ्यात शिरतो. पंप नव्हताच. नरसाळे लावायचे, आणि वजनानेच माल खाली जाऊ द्यायचा.

मिस्त्रीचा बिगारी उत्साही होता. नरसाळ्याला पुरुषभर उंच नळी जोडू, म्हणजे माल लवकर उतरेल, असे तो म्हणाला. अभियंत्यांनी त्याला थांबवले. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे चाळीस किलो. तेवढाच दाब द्यायला या मालाचा पाच-सहा इंचांचा स्तंभ पुरतो. आणि द्रवाचा दाब सर्व बाजूंना सारखा, हा पास्कलचा नियम गल्लीची रुंदी पाहत नाही. पुरुषभर नळी लावून बाजूची भोके बुजली तर कोबा उचलला जाईल आणि तोही जिकडे त्याला वाटेल तिकडे. म्हणून नरसाळे वीतभरच ठेवले, शेजारची भोके उघडी ठेवली आणि कोब्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक दोरा ताणला. अभियंते स्टुलावर बसून दोन दिवस त्या दोऱ्याकडे पाहत होते. माल शेजारच्या भोकातून वर डोकावला की मिस्त्री तेथे तागात गुंडाळलेली खुंटी ठोके आणि पुढे सरके.

हिशेबाने पाच-सहा घनफूट माल लागावा. अकरा घनफूट गेला. आमच्यासारख्या लेखाधिकाऱ्याने हा फरक कशाच्या खात्यावर टाकावा? राख आणि कौले यांच्या मधल्या पोकळ्यांनी तो पिऊन घेतला होता.

त्या दोन दिवसांत आम्हाला विंचेस्टरच्या पाणबुड्याची आठवण होत होती. इंग्लंडातील विंचेस्टरचे भव्य कॅथेड्रल दलदलीच्या जमिनीवर उभे होते व विसाव्या शतकाच्या आरंभी ते खचू लागले. पाया खणावा तर चरात पाणी भरे. तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६ पासून सुमारे सहा वर्षे, गढूळ पाण्याच्या अंधारात, केवळ हाताने चाचपत, त्या पायाखाली काँक्रीटची पोती रचली. पंचवीस हजारांहून अधिक. वर उपासना चालू होती आणि खाली हा माणूस आंधळ्याप्रमाणे काम करीत होता. आमच्या मिस्त्रीलाही भोकाखालचे काही दिसत नव्हते. तो खुंटी कानाला लावून ठोके आणि आवाजावरून सांगे.

तिसऱ्या दिवशी मोगरी फिरवली. सगळीकडे ठक्क.

राहिला उतार. कोपरा आता हलणार नव्हता, पण दोन इंच खालीच होता. अभियंते म्हणाले, पोकळी भरली आहे, आता वरून पातळ थर दिला तरी चालेल, आठ दिवसांत जमीन आरशासारखी होईल. आम्ही तयार होतो. मिस्त्रीने रंधा आणि थापी काढलीही. तेवढ्यात आई पलंगावरून उठली. मनगट बरे झाले होते. तिने भिंतीला हात न लावता चालायला सुरुवात केली. मधोमध आली, पुढे उतार लागला, तिचे पाऊल तसूभरही न चाचपडता त्या उतारावर पडले आणि ती थेट देवघराच्या पायरीपाशी जाऊन थांबली. अंगठा पायरीपासून दोन बोटे अलीकडे होता. "उतार लागला की सहा पावलं," ती म्हणाली. "मधली दोन वर्षं तो कुठे गेला होता रे?"

आम्ही आणि सौ. एकमेकांकडे पाहत राहिलो. तिची पावले चुकू लागली ती वयाने नव्हे. तिच्या अंधारातला एकुलता मैलाचा दगड आम्ही सिमेंटखाली पुरला होता आणि वर डॉक्टरांना फी दिली होती.

अभियंत्यांनी चष्मा पुसला. पिसाच्या मनोऱ्याचे उदाहरण त्यांनीच दिले. तो मनोरा १९९० साली लोकांना बंद करण्यात आला. पुढे त्याच्या उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडीथोडी काढून त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला आणि २००१ च्या अखेरीस तो पुन्हा उघडला. सरळ मात्र केला नाही, थांबवला. "सरळ केला असता तर त्याला पाहायला कोण गेलं असतं?" असे म्हणून त्यांनी मिस्त्रीला थापी ठेवायला सांगितली. दहा फुटांत दोन इंच हा उतार मोरीच्या उताराहून अधिक नाही; चालणाऱ्याला त्याचा धोका नसतो. धोका असतो तो धारेचा. म्हणून चिरेची धार घासून सपाट केली, चीर भरली आणि काम संपवले. तिसरी काच मात्र लावून ठेवली.

बंधूंना कळवले तेव्हा त्यांना ते अर्धेमुर्धे काम वाटले. खचलेली जमीन खचलेलीच ठेवून तीन पोती सिमेंट खाली घातले, हे फोनवर समजावून सांगणे खरोखर अवघड आहे. विक्रीची गोष्ट त्यांनी सोडली नाही. पण २०२४ चा पावसाळा गेला, महाराजबंधाचे पाणी चढले व उतरले, कन्हार सुकली आणि काच तशीच राहिली, तेव्हा त्यांनी तिचा उल्लेख करणे बंद केले. दिवाळीला ते सहकुटुंब आले. पाडव्याच्या दिवशी माजघरात पाट मांडले. देवघराजवळचा, वडिलांच्या जागेचा पाट त्यांना दिला. ते बसले, थोडे डुलले, इकडेतिकडे पाहिले आणि कोनाड्यातले जुने वर्तमानपत्र घेऊन त्याची घडी करून पाटाच्या एका बाजूखाली सरकवली. कागदाची करकर आईच्या कानावर गेली.

"तुझे बाबाही तिथे बसले की असंच करायचे," ती म्हणाली, आणि सौ.ला तूप वाढायला सांगितले.